तहान, थकवा, झिणझिण्या: शुगर तपासायची का, आणि किती घाईने?

रात्री दोनदा लघवीला उठावं लागतंय. दुपारी चारनंतर अंगात त्राण राहत नाही. चष्म्याचा नंबर बदललाय असं वाटतंय. एकेक तक्रार सुटी घेतली तर प्रत्येकीला साधं कारण सापडतं: वय झालं, काम वाढलं, मोबाइल फार बघतो. तिन्ही एकत्र आल्या की शुगरची शंका येते. मग बरेच जण ती झटकून तरी टाकतात, नाहीतर चहातली साखर बंद करून महिनाभर वाट बघतात. दोन्हींत निदान लांबतं.

मधुमेह आहे की नाही, हे रक्त सांगतं. लक्षणांकडून समजून घ्यायचं ते एवढंच, की तपासणी आज करायची, या आठवड्यात करायची, की महिन्याभरात सवडीने केली तरी चालेल. हा फरक लक्षात ठेवला तर बराच गोंधळ मिटतो.

लक्षणांवर इतका कमी भरवसा का, ते मूत्रपिंडाच्या कामावरून कळतं. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमपर्यंत (दर डेसिलिटरमागे, रिपोर्टवरचे आकडे याच मापाचे असतात) असेल तोवर मूत्रपिंड गाळलेली साखर परत शोषून घेतं. त्यापुढे ती लघवीत उतरू लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त होते, म्हणून तहान लागते, आणि साखर वाया जाऊ लागली की वजन उतरतं. पण मधुमेहाची रेषा उपाशीपोटी १२६ला आहे. म्हणजे सकाळची साखर १३५ आणि जेवणानंतरची २१० असलेल्या माणसाला मधुमेह आहे, तरी तहान-लघवीची लक्षणं दिसतीलच असं नाही. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, जो आपल्याकडे सर्वाधिक आढळतो, असा काही वर्षं गुपचूप राहू शकतो. ‘मला काहीच त्रास नाही’ या वाक्याचा निदानासाठी उपयोग नाही, तो यामुळे.

आजच्या आज जायचं ते कधी

हा भाग आधी, कारण इथे उशीर जिवावर बेततो. खूप तहान आणि खूप लघवी यांच्या जोडीला उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही आलं तर थेट रुग्णालय गाठावं. इन्सुलिन जवळजवळ संपलं की शरीर चरबी जाळायला घेतं आणि रक्तात आम्लं साठतात. ही अवस्था काही तासांत बिघडते.

लहान मुलांत आणि किशोरवयीनांत तर उलट्यांची वाटही बघू नये. अंथरूण ओलं करणं सुटलेलं मूल पुन्हा करू लागलं, शाळेतून येताच घटाघटा पाणी पितंय, चांगलं खाऊनही कपडे सैल होतायत, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अशा मुलांना जंतांचं औषध दिलं जातं, लघवीच्या जंतुसंसर्गाचं दिलं जातं, आणि आठवडा निघून जातो. बोटातून रक्ताचा एक थेंब काढून साखर बघायला मिनिटसुद्धा लागत नाही. मूल जेवलेलं असलं तरी चालतं. ‘उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या’ असं कुणी म्हटलं, तर ‘आत्ताच बघा’ असा आग्रह पालकांनी न संकोचता धरावा. पहिल्या प्रकारचा मधुमेह, म्हणजे इन्सुलिन असं जवळजवळ संपतं तो, तिशी-चाळिशीतही होतो, तेव्हा सडपातळ मोठ्या माणसालाही हेच लागू.

वृद्धांत चित्र जरा वेगळं दिसतं. उलट्या नसतात, पण चार-आठ दिवसांत माणूस सुकत जातो, झोपून राहतो, बोलण्यात गोंधळतो. घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय. तेव्हाही त्याच दिवशी साखर बघायला हवी.

या आठवड्यात तपासावं अशी लक्षणं

लघवीपासून सुरुवात करू. ‘वारंवार’ आणि ‘जास्त’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेहात दर खेपेला भरपूर होते, रात्रीसुद्धा. थोडी थोडी होत असेल आणि जळजळत असेल तर जंतुसंसर्ग आधी आठवावा. पन्नाशीपुढच्या पुरुषाला धार बारीक होत असेल, सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर प्रोस्टेट. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तरी रात्री उठावं लागतं, आणि दिवसभर पायांवर सूज असलेल्या माणसाला आडवं झाल्यावर जास्त होते. शंका फिटत नसेल तर एक दिवस चोवीस तासांची लघवी मापाच्या भांड्याने मोजा. मोठ्या माणसाची साधारण एक ते दोन लिटर भरते. तीनच्या वर गेली तर ती खरोखर जास्त. पण हे मोजमाप तपासणी पुढे ढकलायला वापरू नका.

तहानेची एक खूण अशी: झोपेतून पाणी प्यायला उठावं लागतं आणि तरीही तोंड कोरडंच राहतं. उन्हाळ्यात हे लपून जातं. त्यात तहान भागवायला उसाचा रस, सरबत, कोल्ड्रिंक घेतलं की साखर आणखी चढते, लघवी आणखी होते आणि तहान आणखी लागते.

वजन उतरल्याचं तर घरात कौतुक होतं. पट्ट्याचं भोक एकाने आत गेलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, अंगठी निसटते. भूक चांगली असताना, काही प्रयत्न न करता दोन-तीन महिन्यांत चार-पाच किलो गेले, तर ती चांगली बातमी नाही. कारण शुगर असेल, थायरॉईड जास्त काम करत असेल (छातीत धडधड, हात थरथरणं, उकाडा सहन न होणं), किंवा क्षयरोग असेल (दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम). मधुमेहाने क्षयरोगाचा धोका वाढतो, म्हणून क्षयाचं निदान झालेल्या प्रत्येकाची साखर बघितली जाते. पन्नाशीनंतर नव्याने शुगर निघाली आणि वजनही झपाट्याने जातंय, वरच्या पोटात किंवा पाठीत दुखतंय, तर स्वादुपिंडाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

नजर धूसर होण्याचं कारण फार कमी जणांना माहीत असतं. साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगाच्या आत-बाहेर पाणी सरकतं, भिंगाचा आकार बदलतो आणि नंबर हलतो. कधी आठवड्याभरात लांबचं पुसट होतं, तर कधी जवळचं अचानक बरं दिसायला लागतं. अशा वेळी लगेच नवा चष्मा केला तर पैसे वाया जातात, कारण साखर ताब्यात आली की काही आठवड्यांत नंबर पुन्हा सरकतो. आधी रक्त तपासा, साखर स्थिरावू द्या, मग चष्मा करा. मात्र एका डोळ्यापुढे अचानक अंधारी आली, काळे ठिपके किंवा जाळी दिसायला लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

ज्या लक्षणाबद्दल लोक बोलत नाहीत, ते म्हणजे गुप्तांगाची खाज. ओलसर जागी साखर मिळाली की बुरशी फोफावते. स्त्रियांना खाज, दह्यासारखा पांढरा स्राव, बरं होऊन पुन्हा होणं. पुरुषांना शिश्नाच्या टोकाची कातडी लाल होणं, तिला बारीक चिरा पडणं, ती मागे न सरकणं. चाळिशीतल्या पुरुषाला हे पहिल्यांदाच झालं तर मलमाच्या आधी साखर बघावी. बहुतेक जण मेडिकलमधून मलम आणून गप्प बसतात. त्या मलमांत कित्येकदा स्टेरॉईड असतं. खाज चार दिवस थांबते आणि बुरशी पसरते. काखेत-मांडीत वारंवार येणारी गळवं, भरायला आठवडे घेणारी जखम, हिरड्या सुजून दात हलणं, ही याच कुळातली लक्षणं.

थकवा आणि झिणझिण्या

थकवा हे सगळ्यांत सामान्य आणि सगळ्यांत कमी उपयोगाचं लक्षण. मधुमेहात थकवा येतो, पण रक्त कमी असलं, थायरॉईड मंद असलं, झोप मोडत असली, घोरताना श्वास अडकत असला, मन खचलेलं असलं तरी येतो. फक्त थकवा असेल तर घाई नाही, पण रक्त एकदाच द्यायचं तर शुगरसोबत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि बी-१२ जीवनसत्त्व करायचं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. सुई एकदाच टोचली जाते.

पायांच्या झिणझिण्यांबाबत नेमकं सांगता आलं पाहिजे. मधुमेहातल्या दोन्ही पायांना असतात, बोटांपासून सुरू होऊन वर चढतात, रात्री अंथरुणात वाढतात. कुणाला तळपायाची आग होते, कुणाला कापसावर चालल्यासारखं वाटतं. चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर खाली बघून कळतं, ही पक्की धोक्याची खूण: तळव्याची जाणीव गेलेली आहे. एकाच पायात, कंबरेपासून खाली उतरणारी कळ असेल तर ती बहुधा पाठीच्या मणक्याची. आणि पूर्ण शाकाहारी माणसाला दोन्ही पायांना झिणझिण्या आल्या तर बी-१२ची कमतरता तितकीच शक्य आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात.

मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर ती घासून जात नाही, कारण तो मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, इन्सुलिन जास्त तयार होतं, त्याची ती खूण. पोरांना यावरून ‘मान धूत नाहीस’ म्हणून बोलणी बसतात, ते थांबायला हवं. घासणीऐवजी मुलाला डॉक्टरांकडे न्या.

भुकेच्या वेळी हात थरथरणं, घाम येणं, गोड खाल्ल्यावर बरं वाटणं: मधुमेहाची औषधं चालू नसलेल्या माणसात हे सहसा मधुमेहामुळे नसतं. तरी वारंवार होत असेल तर दाखवून घ्यावं.

काहीच होत नसताना कुणी तपासावं

१० कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह आहे, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. त्या मानाने आपल्याकडचे मधुमेही फार लठ्ठ दिसत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच गोष्टीवर आयुष्यभर काम केलं. २००४ मध्ये त्यांचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे, आतून वेगळे. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, ही आपल्याकडची ठेवण मधुमेहाला पोषक आहे. ‘मी कुठे जाडा आहे?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी सोपी गुणपद्धती तयार केली आहे. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० किंवा पुढे ३०. कंबर पुरुषाची ९० ते ९९ सेंटिमीटर किंवा बाईची ८० ते ८९ असेल तर १०. पुरुषाची १०० आणि बाईची ९०च्या पुढे २०. नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असतील तर शून्य, एकच असेल तर २०, दोन्ही नसतील तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली की धोका मोठा. बेचाळीस वर्षांचा, बैठं काम करणारा, व्यायाम नसलेला, ९४ सेंटिमीटर कंबरेचा पुरुष, आई मधुमेही: २०, ३०, १० आणि १०, म्हणजे ७०. त्याला एकही लक्षण नसलं तरी महिन्याभरात रक्त द्यावं.

कंबर पँट बांधतो तिथे मोजायची नाही. तिथे ती हमखास कमी भरते. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप धरायची.

सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची शुगर आणि रक्तदाब मोफत बघतात. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आशाताईंना तारीख माहीत असते.

रक्त देताना काय चुकतं

उपाशीपोटीच्या तपासणीआधी किमान आठ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं. चहा, अगदी बिनसाखरेचाही, चालत नाही. ‘पीपी’ म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी, आणि हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. पीपीत कुणी दोन बिस्किटं खाऊन जातं, कुणी वडापाव. त्यामुळे तो आकडा दिशा दाखवतो, पण प्रमाणित चाचणी ७५ ग्रॅम ग्लुकोजची: तेवढं ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, मध्ये फिरायचं नाही. या चाचणीआधीचे तीन दिवस रोजचा पोळी-भात हवा. नवरात्राच्या उपवासानंतर किंवा पोळी-भात सोडण्याच्या प्रयोगात ती केली तर साखर खोटी वाढलेली दिसू शकते.

घरी येऊन रक्त नेणारा मुलगा दहा घरं फिरून प्रयोगशाळेत पोचतो. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि ती तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घसरते. म्हणजे खरी साखर १३० असली तर दोन तासांनी ती ११५च्या आसपास निघेल आणि मधुमेह चुकेल. शुगरसाठी राखाडी टोपणाची, फ्लोराईड असलेली नळी वापरतात का, हे बघा. जमलं तर प्रयोगशाळेतच जाऊन द्या.

घरचं ग्लुकोमीटर इशारा द्यायला चांगलं, निदानाला अपुरं. १५ टक्के इकडेतिकडे होणं मान्य धरलेलं आहे. खरी १२६ असताना ते १०७ही दाखवेल आणि १४५ही. आंबा चिरल्यावर हात न धुता बोट टोचलं तर आकडा भलताच येतो. साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच टोचा. पट्ट्यांची मुदत बघा, डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं ठेवू नका. लघवीत साखर नाही म्हणून मधुमेह नाही, असं तर मुळीच म्हणता येत नाही. कारण वर आलंच आहे, ती १८० नंतर उतरते.

एचबीए१सी या रक्ततपासणीला उपास लागत नाही, दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते. पण ती लाल पेशींवरून मोजतात, म्हणून पेशींचं काही बिघडलं असेल तर ती चुकते. लोहाच्या कमतरतेने ती थोडी जास्त येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल, खूप रक्तस्राव झाला असेल, किंवा सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर तिच्यावर विसंबू नये. विदर्भात, गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तिथल्या डॉक्टरांना हे न विसरता सांगा. गरोदरपणातही निदानासाठी ती चालत नाही.

आकडे असे वाचायचे. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅमनंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त: मधुमेह. ठळक लक्षणं असतील तर कुठल्याही वेळी घेतलेली २०० पुरते. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत. दोन निकाल त्या रेषेपलीकडे हवेत, त्याच रक्तातले किंवा पुन्हा दिलेल्या. उपाशीपोटी १२८ आणि एचबीए१सी ६.२ आलं, तर उपाशीपोटीची पुन्हा करायची. उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९, एचबीए१सी ५.७ ते ६.४: मधुमेहाच्या उंबरठ्यावर. परदेशातल्या रिपोर्टवर साखर मिलिमोलमध्ये असेल तर १८ने गुणा. ७ म्हणजे १२६.

मोठा ताप, शस्त्रक्रिया, हृदयविकाराचा झटका यांत साखर तात्पुरती चढते. दम्याच्या स्टेरॉईड गोळ्या आणि खांद्यात-गुडघ्यात दिलेलं स्टेरॉईडचं इंजेक्शनही ती चढवतं. सांधेदुखीसाठी आणलेल्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉईड निघाल्याचे प्रकार आहेत, म्हणून डॉक्टरांकडे जाताना पुडी सोबत न्या. एका कागदावर त्रास कधीपासून, रात्री किती वेळा उठता, सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं वजन, चालू औषधं, घरात कुणाला मधुमेह, हे लिहून न्या. तपासणीआधी कारल्याचा रस सुरू करू नका, वहिनींच्या गोळीतली अर्धी घेऊन बघू नका, आणि रिपोर्ट चांगला यावा म्हणून आठवडाभर पथ्यही पाळू नका. रोज जसं खाता तसं खाऊन जा.

मधुमेह निघाला तर त्याच महिन्यात डोळ्यांचे पडदे, लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडाला इजा झाली की लघवीत उतरणारं प्रथिन) आणि पायांची जाणीव तपासून घ्या, कारण साखर कधीपासून वाढलेली आहे हे कुणालाच माहीत नसतं. उंबरठ्यावर असाल तर दर वर्षी रक्त द्या. सगळं ठीक आलं तर पुन्हा तीन वर्षांनी, मध्ये लक्षणं दिसली तर तेव्हाच.

गरोदरपणात ज्यांची साखर वाढली होती त्यांचं गणित वेगळं. बाळंतपणानंतर ती बहुधा उतरते आणि विषय संपला असं घरात सगळे धरून चालतात, पण पुढे मधुमेह होण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. ७५ ग्रॅमची चाचणी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची असते. त्याच सुमाराला बाळाची दीड महिन्याची लस असते. त्या दिवशी सकाळी काही न खाता निघा, डबा सोबत ठेवा, आणि बाळाला लस टोचून झाली की आपलं रक्तही देऊन या.